बापू आणि काकू यांच्या दुहेरी शरणागतीची हकीकत

वाचणारांनी सावध बसावे, हाती चहा असल्यास खाली ठेवावा. पुढे जी हकीकत येते तीत रक्ताचा थेंब सांडला नाही, चहा मात्र बेसुमार सांडला, आणि एका कारभारणीची अब्रू सुतावर लोंबत राहिली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, सांगताना थोडे वाढविले, आणि कमी वाटले तेथे आम्ही भर घातली. यास खोटे म्हणेल त्याने स्वतः एक कार्यशाळा भरवून दाखवावी.

तर पाणीखात्याचे मुलखात टाक्या दूरदूर विखुरल्या होत्या. कोणत्या टाकीत पाणी किती, हे पाहण्यास माणूस शिडी चढे, झाकण उघडे, आणि तो उतरून फोन करीपर्यंत पाणी त्याच्याही खाली उतरलेले असे. म्हणोन खात्याचे धनी थोरले साहेब यांनी मसलत केली की, हरएक टाकीवर मोजणीची पेटी बसवावी, पेटीने पातळीची खबर धाडावी, ती खबर तीन इमारतींतील यंत्रांनी वाटून जतन करावी, म्हणजे एक यंत्र बेशुद्ध पडले तरी बाकीच्यांस स्मरण राहील, आणि मग कचेरीतील पडद्यावर नकाशात सर्व टाक्या दिसाव्या. पेट्यांची सुभेदारी बापूंस दिली. यंत्रांची सुभेदारी काकूंस दिली. नकाशाचे काम एका गृहस्थास दिले, ज्यांस निळ्या रंगाच्या छटा निवडण्याचा नाद असल्याकारणे सारी कचेरी चित्रकार म्हणे.

वर्ष लोटले. पेटी नामी जाहली, यंत्रे नामी जाहली, नकाशा तर चौकट करून दिवाणखान्यात लावावा ऐसा उतरला. उणे इतकेच की, एकाचे दुसऱ्याशी बोलणे नव्हते.

कलहाचे मूळ तारीख. बापूंची पेटी खबर धाडताना आधी दिवस सांगे, मग महिना, मग वर्ष. काकूंचे यंत्र आधी वर्ष मागे, मग महिना, मग दिवस, आणि उलटी तारीख दिसताच 'तारीख अमान्य' ऐसा शेरा मारून खबर वेशीवरूनच परत लावी. यावरून दोन्ही सुभ्यांत मेलांची लढाई पेटली. बापूंनी लिहिले, जगात कोणीही शहाणा माणूस आधी दिवसच सांगतो. काकूंनी उलट लिहिले, वर्ष आधी असेल तरच नोंदी ओळीने लागतात, आणि ओळीने न लागणाऱ्या गोष्टींचे काय होते ते बापूंच्या टेबलावर पाहून घ्यावे. हरएक मेलाच्या शेवटी 'आपला नम्र' होतेच.

तेव्हां थोरल्या साहेबांनी कारभारीण नेमिली. ही बाई पूर्वी छपाईयंत्रांच्या खात्यात होती. तेथे अडकलेला कागद ओढून काढणे आणि कागद कोणी अडकवला यावरचे तंटे ऐकणे, याच चाकरीत तिची उमेदीची वर्षे खर्ची पडली होती. तिजवर हुकूम आला की, तिन्ही सुभ्यांस एका दालनी दोन दिवस जमवावे, सर्व भाग जोडावे, आणि दुसरे दिवशी सायंकाळी एका तरी टाकीचे पाणी पडद्यावर दाखवावे. न दिसल्यास योजना बासनात जाईल आणि कारभारीण छपाईयंत्रांकडे. तिला परत जायचे नव्हते. कागद ओढण्यात तिचा जन्म जावा ऐसे तिला मुळीच वाटत नव्हते.

मग तिने कंबर कसली. प्रथम दिवस मुक्रर करण्याची मोहीम. बापूंस जो दिवस सोयीचा तो काकूंस वर्ज्य, उभयतांस जो चाले त्या दिवशी चित्रकार रजेवर, आणि सर्वांस जो चाले तो रविवार निघाला. शेवटी तिने कोणास न विचारता दिवस ठरवून कळविला, तो सर्वांस सोयीचा जाहला. मग दालन. प्रशिक्षणाचे दालन प्रथमोपचाराच्या वर्गाने बळकावले होते. तेथील रबरी पुतळा बाकावर हातपाय पसरून पडला होता आणि हलावयास राजी नव्हता. कारभारणीने त्यास बखोटीस धरून स्वतः जिन्याखाली रवाना केले आणि दालन सर केले. मग भांडाराशी तह करून एक्स्टेंशन बोर्ड मिळविले, त्यांत एकच चालू निघाला, त्यावर दुसरा जोडिला, आणि वीज सर्व टेबलांपर्यंत पोहोचविली. सरंजाम सिद्ध जाहला. राहिली ती तारीख.

त्या चिंतेत घरी भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. सासूबाईंनी विचारले, "काय गं, कोण मेलंय का?" तिने सर्व वृत्तांत निवेदन केला. सासूबाई खो खो हसल्या.

"अगं, एवढंच ना? दोघांना वेगवेगळं गाठ. प्रत्येकाला सांग, समोरचा हट्टी आहे, शहाणे तुम्हीच, तुम्हीच मोठ्या मनानं घ्या. आणि वर सांग, हे कुणाला कळू देऊ नका."

"आणि दोघांनीही ऐकलं तर?"

"दोघं कधी ऐकतात का?"

हा सल्ला कारभारणीस रामबाण वाटला. मग ती प्रथम बापूंकडे वकिली घेऊन गेली. त्यांच्या टेबलावरील तारांचे जंगल बाजूस सारून बसली आणि म्हणाली, काकू ऐकणाऱ्यांतल्या नाहीत, समजूतदार आपणच. बापू छताकडे पाहत राहिले, हो म्हणाले नाहीत. मग ती काकूंकडे गेली, तेच बोलली, फक्त नाव बदलले. काकूंनी चष्मा पुसला आणि बघते म्हणाल्या. कारभारणीने मनी हिशेब केला की, दोहोंतून एक जरी पाघळला तरी गड आपला.

आणि कार्यशाळेचा दिवस उगवला. तिन्ही सुभे लॅपटॉप परजून दाखल जाहले. पहिला दिवस वायफायचा पासवर्ड शोधण्यात आणि एकमेकांस आपापल्या कामाची महती सांगण्यात गेला. दुसरे दिवशी सकाळी पेटी जोडिली, यंत्रे जोडिली, आणि बापूंनी खबर सोडिली. सर्वांचे डोळे पडद्यावर. पडद्यावर अक्षरे उमटली: तारीख अमान्य.

बापूंचे तोंड उतरले. काकूंचेही उतरले. शब्द कोणी काढीना, कारण दोघांसही गुप्ततेची आण होती. तेव्हां चित्रकाराने या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर नजर टाकिली आणि म्हणाला, "अहो, तुम्ही दोघांनी अदलाबदल केलीय. बापू, तुमची पेटी वर्ष आधी पाठवतेय. काकू, तुमचं यंत्र दिवस आधी मागतंय."

वर्षभर ज्यांनी एकमेकांस बोटभर जागा दिली नाही, ते दोघेही सरदार एकाच रात्री आपला गड खाली करून शत्रूच्या गडावर जाऊन बसले होते.

"काकू, तुम्ही माझ्यासाठी बदललंत?" बापूंनी खुर्ची सोडून विचारिले.

"तुम्हीही बदललंत की," काकू म्हणाल्या. "आता तुमचं आधीचं करा बरं. मी दिलंय ते दिलंय."

"छे छे, तुम्ही तुमचं आधीचं करा."

येणेप्रमाणे वर्षभराचा तंटा पालटून औदार्याचा तंटा उभा राहिला, आणि तो पहिल्यापेक्षा चिवट निघाला. जेवणाची सुट्टी जाहली. कारभारीण डबा न उघडता बसून राहिली. तिची ती दशा बापूंनी दारातून पाहिली, काकूंनी खिडकीतून पाहिली, आणि दोघांसही दया आली. बापूंनी विचार केला की, नको असलेला विजय पोरीसाठी पत्करू, आणि पेटी गुपचूप पूर्ववत केली. काकूंनीही तोच विचार केला आणि यंत्रे पूर्ववत केली. मग पुन्हा सर्व बसले, खबर सुटली, आणि पडद्यावर उमटले: तारीख अमान्य.

आता मात्र कारभारणीचा धीर सुटला. थोरले साहेब येण्याची वेळ जवळ आली होती. ती उभी राहिली आणि भडाभडा बोलली, "चूक माझी आहे. मीच दोघांना चोरून भेटले. दोघांनाही सांगितलं की शहाणे तुम्हीच. माझ्या सासूनं सांगितलं होतं." आणि बोलता बोलता तिच्या ध्यानी आले की, थोरल्या जावेशी तिचा तंटा झाला म्हणजे सासूबाई तिलाही अगदी हेच सांगत. मग तिने फर्मान काढिले की, या दालनी यापुढे कोणीही कोणावर गुपचूप उपकार करू नये, जो बदल करावयाचा तो सर्वांदेखत करावा, आणि एकाचे हात चालू असता दुसऱ्याने आपले हात वर धरावे.

"माझी एकच ओळ आहे, त्यांची तीन यंत्रं आहेत," बापू म्हणाले. "मीच बदलतो. काकू, हात वर."

काकूंनी दोन्ही हात वर केले. बापूंनी ओळ बदलिली. खबर पेटीतून निघाली, वेशीवर कोणी अडविली नाही, तिन्ही यंत्रांत उतरली, आणि नकाशावर एक टाकी निळी जाहली. अर्धी भरलेली. चित्रकाराने विचारले की, आत वर्ष आधी ते ठीक, पण नकाशावर लोकांस तारीख कशी दाखवावी? हात वर ठेवूनच काकूंनी निवाडा दिला, "आधी दिवस. शहाणा माणूस आधी दिवसच सांगतो." बापूंनी रुमाल काढिला आणि सर्दी जाहल्याचा बहाणा केला.

इतक्यात थोरले साहेब दाखल जाहले. पडदा न्याहाळून म्हणाले, "झालं की! मग वर्षभर काय करत होता?" तेव्हां कोठे काकूंनी वर धरलेले हात खाली घेतले. कारभारणीस त्याच पदी कायम केल्याचा हुकूम साहेबांनी उभ्याउभ्याच दिला. ती जी खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही, आणि तिला फार बरे वाटले.

सबब ही फत्ते येथे दप्तरी नोंदविली आहे. विजय नेमका कोणाचा, याची चौकशी आम्ही कसून केली. बापू शपथेवर सांगतात की हार आपलीच जाहली. काकूंस विचारले, त्यांनी शपथ घेऊन सांगितले की बापू खोटे बोलतात, हार आपली.