दार उघडायचं नाही

"आई, ही पुडी तुमच्याजवळ ठेवा. सोमवारपर्यंत मी कितीही रडले, पाया पडले, तरी मला द्यायची नाही."

शुक्रवारी प्रयोगशाळेतून आल्या आल्या सुनेने चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेली पुडी सासूबाईंच्या हातात ठेवली. सासूबाईंनी ती कानाशी हलवून पाहिली.

"काय आहे गं? दागिना?"

"इन्क्युबेटरची किल्ली. पुडी उघडूनसुद्धा बघायची नाही हं."

"मी कशाला बघू? मी शब्दाची पक्की आहे," असं म्हणून सासूबाईंनी पुडी पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत मारली.

सुनेवर ही पाळी आली ती स्वभावामुळे. ती माणसाच्या मूलपेशी वाढवायची. योग्य ऊब आणि योग्य खाद्य मिळालं, की या पेशी आपसूक एकमेकींना धरून वाळूच्या कणाएवढा पोकळ गोळा करतात, थेट सुरुवातीच्या गर्भासारखा. गर्भ नव्हे, त्याची नक्कल. पण खरा गर्भ पोटात कसा घडतो ते कुणाला डोकावून बघता येत नाही, म्हणून या नकलेला मोल. बरं, नक्कल झाली तरी तिला उबेत निवांत पडू द्यायला नको? पण ही बाई तासातासाला इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या पेटीचं, दार उघडायची, ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. ऊब जायची, धक्का लागायचा, गोळे विस्कटायचे. वर्षभर हेच चाललं. शेवटी प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी इन्क्युबेटरच्या दाराला कडी बसवली, दाबलं की बसणारं कुलूप आणून दिलं आणि निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारी तपासणी समिती येतेय. गोळे दिसले तर ठीक, नाहीतर तुमचा प्रकल्प बंद. मेहरबानी करा आणि दार उघडू नका."

शनिवारी सकाळी सासूबाई ओट्यापाशी गेल्या आणि ओरडल्या.

"खुंटीवरची किल्ली कुठे गेली?"

ही किल्ली साखरेच्या कपाटाची. आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि ते ती डब्यातून मुठीमुठीने खात, म्हणून साखर, चहापत्ती, बिस्किटं सगळं त्या कपाटात बंद असे आणि कपाट दिवसातून एकदाच, सकाळच्या चहाला, उघडत असे. साहजिकच सासूबाईंची नजर आप्पांकडे वळली.

"मी नाही घेतली!" आप्पा म्हणाले.

"मग काय किल्लीला पाय फुटले?"

"अगं, मी घेतली असती तर साखर नसती का खाल्ली? कपाट तर बंदच आहे!"

"म्हणजे तुमचा डाव फसला, एवढंच!"

गाद्या झटकून झाल्या, फ्रिजच्या मागे काठी घालून झाली, आप्पांचे खिसे तर तीनतीनदा उलटे करून झाले. कुलूप तोडू म्हटलं तर सासूबाईंचं "चांगलं कुलूप आहे", साखर विकत आणू म्हटलं तर "घरात डबा भरलेला असताना?" सुनेचा नवरा परगावी गेला होता, म्हणजे सुटला होता. बाकी सगळं घर बिनचहाचं बसलं. त्यात सुनेचा जीव वेगळाच वरखाली होत होता.

"आई, एकदाच. नुसतं बघते आणि बंद करते."

"शब्द म्हणजे शब्द."

रविवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तशी सून पर्सकडे सरकली. दाराशी पहाऱ्याला आप्पा. दोघंही बिचारी कुलपाची मारलेली, म्हणून त्यांचं मेतकूट जमलं होतं. पण पर्सची चेन जराशी करकरली आणि सासूबाई उठून बसल्या.

"वा! सासरा चोर, सून त्याची चेली!"

रात्री सून खरंच रडली. "आई, उद्या गोळे नसले तर माझं सगळं संपलं हो." सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, पर्स मात्र दुसऱ्या काखेत घेतली.

सोमवारी सासूबाई पुडी घेऊन जातीने प्रयोगशाळेत हजर झाल्या. घरात एकटं ठेवायचा भरवसा नाही म्हणून आप्पांनाही सोबत आणलं. समितीच्या बाई, सर, सगळे इन्क्युबेटरपुढे उभे. सासूबाईंनी मोठ्या दिमाखात पुडी दिली. सुनेने ती फोडली, किल्ली कुलपाला लावली. किल्ली आतच जाईना.

"बघू," म्हणत सासूबाई पुढे झाल्या, आणि किल्ली डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "अगं... ही तर माझ्या साखरेच्या कपाटाची!"

सुनेला आत्ता आठवलं. शुक्रवारी सकाळी चहा करून घाईत हीच किल्ली तिने कोटाच्या खिशात टाकली होती आणि मग इन्क्युबेटरची समजून पुडीत बांधली होती!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आप्पा गरजले. "आणि चोर कोण? मी!"

"आप्पा, हळू. समिती आहे," सून पुटपुटली.

"असू दे समिती! त्यांनाही कळू दे!"

सासूबाईंनी खाली मान घालून किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली. "धरा. चुकलं माझं."

मग रखवालदाराला बोलावलं. त्याने मोठी पक्कड आणून कुलूप तोडलं. दार उघडलं तर ताटलीच्या शेजारी, छान उबेत, इन्क्युबेटरची किल्ली पहुडलेली. कुलूप लावण्याआधी 'शेवटचं एकदा' बघताना सून ती आतच विसरली होती. सरांनी कपाळाला हात लावला.

ताटली सूक्ष्मदर्शकाखाली गेली. सून डोळे मिटूनच वाकली, मग एक डोळा उघडला. गोळे होते! गोल, पोकळ, आत एका कडेला पेशींचा इवलासा पुंजका, पुस्तकात असतो तस्सा. तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"उत्तम," समितीच्या बाई म्हणाल्या. "या वेळी वेगळं काय केलंत?"

"काही नाही. म्हणजे खरंच काही केलं नाही."

सरांनी नवं कुलूप काढून त्याची किल्ली सरळ सासूबाईंपुढे धरली. पण सासूबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या.

"आई, उठा आता. ऊब जातेय."

"थांब गं, एकदाच. किती गोड आहेत! तो कडेचा जरा हलला का बघ ना! अहो, तुम्हीपण या, बघा तरी."

सासूबाईंनी मान वळवली. आप्पा मघाशी टेकले होते ती खुर्ची रिकामी होती.

"हे कुठे गेले?"

रखवालदार दारातून म्हणाला, "आजोबा केव्हाच घरी गेले. म्हणाले, तिला सावकाश बघू द्या, घाई करू नका."