विसूअण्णांनी छापून आणलेली पत्रिका

आमच्या राहात्यात विसूअण्णांना लग्नपत्रिका दिली, की ते ती तांबड्या शाईने दुरुस्त करून यजमानांना परत करीत. लग्नाला जात ते वेगळंच. मराठी शाळेतून पेन्शनीत निघालेले मास्तर, घरात एकटे. दुसरं करणार काय?

माझ्या बहिणीचं, शांतेचं लग्न ठरलं, तेव्हा आमच्या वडिलांनी, तात्यांनी, पत्रिकेचा मजकूर त्यांच्यावरच सोपवला. मागाहून बोलणी खाण्यापेक्षा आधीच बरं! तिथेच फसलो.

"'अगत्य येण्याचे करावे'?" माझा कच्चा मजकूर बघून अण्णा कडाडले. "हा मामलेदाराचा हुकूम झाला!"

"मग 'येऊन शोभा आणावी'?"

"शोभा काय कोथिंबीर आहे, येताना आणायला? बोलावणं म्हणजे दवंडी नव्हे, बाबा!"

हे 'दवंडी नव्हे' ऐकून माझे कान किटले. त्यात लढाईचे दिवस, कागद मिळेना. श्रीरामपूरच्या छापखानेवाल्याने ओळखीखातर थोडा बाजूला ठेवला होता. "बिगीनं आना, लई जन टपलेत त्याच्यावर," त्याने बजावलं होतं. इकडे अण्णा 'चि. सौ. कां.'मधल्या टिंबांवर अडून बसलेले! हेलपाटे घालून मी रडकुंडीला आलो. लग्न अगदी तोंडावर आल्यावर म्हणाले, "तू राहू दे. मीच छापून आणतो."

आणल्या. तात्यांनी एक वाचली. निमंत्रक म्हणून त्यांच्या नावाच्या वर आत्याचं नाव होतं. आई गेल्यावर आम्हा भावंडांना आत्यानेच वाढवलं. पण ती बालविधवा. शुभकार्याच्या कागदावर विधवेचं नाव तेव्हा कोण घालणार?

"अण्णा, हे काय केलंत? पुन्हा छापा!"

"कागद संपला," अण्णा शांतपणे म्हणाले. "वेळही."

"व्याही विचारतील, ही कोण?"

"पोरीला वाढवलं ती. सांगा की."

टिंबांचा घोळ कशासाठी चालला होता, ते मला तेव्हा कळलं. तात्या धुमसत राहिले. पण पत्रिका वाटाव्याच लागल्या.

लग्नाच्या दिवशी आत्या नेहमीसारखी माजघराच्या दाराआड उभी होती. अण्णा आले, ते मांडवातल्या कुणाकडे न बघता थेट तिच्यापाशी गेले आणि वाकून हात जोडले.

"आत्याबाई, तुम्ही बोलावलंत, आलो."

आत्याने पदर सारखा केला. मग उंबरा ओलांडून सगळ्यांदेखत म्हणाली, "या. बसा ना."