बेल मिळाल्याशिवाय

मोटार चालू करायची एकच पद्धत सोनवणेकाकांना मान्य होती. आपण पुढे बसायचं, किल्ली फिरवायची, आरसा रुमालाने पुसायचा आणि स्वस्थ बसून राहायचं. कुणीतरी टपावर दोनदा टकटक केलं की मग पहिला गियर. एकदा टक म्हणजे थांबा, दोनदा टकटक म्हणजे चला. टकटक झाली नाही तर गाडी जागची हलत नसे, मग मागे वाजून वाजून कुणाच्या हॉर्नचा घसा का बसेना. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वॉचमन, इस्त्रीवाला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, जो दिसेल त्याला काका खिडकीतून हाक मारत, "अहो, जरा बेल द्या!"

काका स्वारगेटहून कोकणात जाणाऱ्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. कंडक्टरने दोरी ओढली, डोक्यावरची घंटी दोनदा वाजली की निघायचं, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती सुटली नाही. जेवण झाल्यावर काकू वाटीवर चमचा दोनदा वाजवायच्या, तेव्हा हे पानावरून उठायचे. थट्टा नाही करत, डोळ्यांनी पाहिलंय.

मोटार त्यांच्या मुलाची, अमोलची. आमच्याकडे तेव्हा प्रत्येक मजल्यावरचा एक मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जात होता, तसा अमोलही गेला. नवीकोरी गाडी खाली पार्किंगमध्ये राहिली. "बाबा, आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर बॅटरी उतरते," असं तो सांगून गेला आणि काकांना पुन्हा ड्यूटी मिळाली.

दर शनिवारी सकाळी काका-काकू कोकणात जायला निघत. लाडवांचा डबा, पाण्याचा कॅन, सगळा सरंजाम. आणि दुपारच्या जेवणाला दोघंही घरी हजर! लाडवांचा डबा जसाच्या तसा.

"काय काका, आज कुठपर्यंत?"

"भोर. पुढे घाट बंद आहे."

"घाटाला शनिवार-रविवार सुट्टी असते वाटतं?"

यावर काका आरसा पुसायला घेत. मला मोठी गंमत वाटायची. एका शुक्रवारी काकू आमच्याकडे आल्या आणि माझी गंमत तिथेच संपली.

"निखिल, उद्या तू जा बाबा ह्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात आम्ही अमोलकडे निघालो. परत कधी येतोय कुणास ठाऊक. जायच्या आधी ह्यांना परकारांना भेटायचंय. पण घाट जवळ आला की ह्यांचे हात कापतात आणि मला परत फिरा म्हणवत नाही की पुढे चला म्हणवत नाही."

परकार म्हणजे काकांचे कंडक्टर. दोघांची जोडी डेपोत प्रसिद्ध. एकदा घाटाखालच्या एका थांब्यावर परकार बाजूच्या शिडीने टपावर सामान बांधायला चढले होते. इकडे घंटी दोनदा वाजली. काकांनी गाडी सोडली आणि परकार शिडीवरून खाली आले ते थेट रस्त्यावर. मांडीचं हाड मोडलं. चौकशी झाली तेव्हा काकांनी खरं तेच सांगितलं, मला डबल बेल मिळाली. मग कंडक्टर टपावर असताना दोरी कुणी ओढली? परकारांनी तोंड उघडलं नाही. सगळा दोष त्यांच्यावर आला. पाय अधू झालेला, त्यात हा ठपका. नोकरी सोडून ते गावी समुद्राकाठी जाऊन राहिले. त्यानंतर दोघांची गाठ नाही, पत्र नाही, काही नाही.

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि सोमवारी आमचं मोठं काम क्लाएंटला द्यायचं होतं. तरी काकूंना नाही म्हणायची माझी काय बिशाद!

शनिवारी निघालो. मी सवयीने पुढचं दार उघडलं.

"मागे. कंडक्टर पुढे बसतो का कधी?"

मागे बसलो, आतून छतावर दोनदा टकटक केलं, गाडी निघाली. मी गप्पा मारायला सुरुवात केली तर काका म्हणाले, "चालकाशी बोलू नये." भोरला त्यांनी मोटार सरळ बसस्थानकात फलाटाला लावली. "पंधरा मिनिटं थांबेल गाडी, चहापाणी उरकून घ्या," अशी मला एकट्याला खणखणीत आवाजात सूचना झाली. आतला साहेब धावत आला, "ओ आजोबा, ही काय खासगी गाडी लावायची जागा आहे का?" काका शांतपणे म्हणाले, "वेळेवर आलोय आम्ही. तुमची आत्ताची गाडी लेट आहे, ती बघा आधी."

वरंधा घाटाच्या तोंडाशी मात्र काकांनी गाडी बाजूला घेतली. आणि रुमाल काढून आरसा पुसायला घेतला.

"निखिल, घाट बंद दिसतोय."

समोरून भाजीचा टेम्पो मजेत वर येत होता.

"बेल मिळाली होती रे मला," काका म्हणाले. "खोटं नाही बोललो. पण आरसा होता ना बाजूला! एकदा बघितलं असतं तर शिडीवर दिसला असता तो. मी घंटी ऐकली, माणूस नाही बघितला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

इंग्रजीत लोकांची समजूत घालायचा मला पगार मिळत होता, पण इथे त्याचा काय उपयोग? मी हात वर केला आणि दोनदा टकटक केलं. काकांनी पहिला गियर टाकला. मग गाडी घाट उतरू लागली.

महाड आणि दापोलीच्या स्थानकांतही आम्ही रीतसर थांबलो आणि रीतसर हाकलले गेलो. दुपार कलताना परकारांच्या अंगणात पोहोचलो. काठी टेकत एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग काकांना, मग मनगटावरचं घड्याळ.

"सोनवणे, लेट आलास."

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग लाडवांचा डबा पुढे केला.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, हे मला तिथे कळलं. दापोलीला कितीदा तरी मुक्कामी असायचे, परकार दर वेळी म्हणायचे, चल, घर दाखवतो, समुद्र दाखवतो. आणि हे म्हणायचे, "रूटवर नाही." हसावं की रडावं?

वाळूत बसल्यावर काका घाईघाईने बोलून मोकळे झाले. "परकार, मी आरशात बघायला हवं होतं. माझं चुकलं. तुझा पाय गेला, नोकरी गेली."

परकार काठीने वाळू उकरत होते. "तुझं कसलं चुकलं? तुला एक मिनिट उशीर खपायचा नाही. म्हणून वर चढताना मीच पुढच्या सीटवरच्या गुरुजींना सांगून गेलो होतो, मी टपावर दोनदा थाप मारली की दोरी ओढा. म्हणजे मी शिडी उतरेपर्यंत तू गियर टाकशील. आणखी एक पेटी खालून घ्यायला मी शिडीवर आलो आणि थाप मारायच्या आधीच वर दोन पेट्या कलंडल्या. गुरुजींना वाटलं, माझीच थाप."

"आणि चौकशीत?"

"बिचाऱ्या गुरुजींचं नाव कशाला घ्यायचं? नियम मी मोडला होता."

"मला तरी सांगायचंस!"

"लाज वाटली रे. तुझ्या गाडीची बेल मी परक्याच्या हातात दिली, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तू आला नाहीस, तेव्हा वाटलं, तुला कळलंय आणि तू रागावलायस."

काका उठून उभेच राहिले. "अरे, एवढी वर्षं! एक पत्र नाही टाकता आलं तुला? मला नाही टाकता आलं? स्वारगेटवरून रोज गाडी सुटते इकडे, रोज!" मग ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दोन चांगली माणसं, आणि दोघांनी मिळून सगळी वर्षं मातीत घातली. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली. परकारांच्या लेकीने दिलेल्या आमसुलांच्या पुड्या मी मागच्या सीटवर ठेवल्या. अमेरिकेचा विषय काकांनी निघता निघता काढला होता. "परत कधी येशील?" असं परकारांनी विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही.

काकांनी किल्ली फिरवली, आरसा पुसला. मी छताकडे हात नेला.

"तू नको," काका म्हणाले. "कंडक्टर आहे बाहेर."

परकार काठी टेकत गाडीशी आले. टपावर बोटाच्या पेराचा आवाज झाला. टक.

आम्ही दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. इंजिन चालू होतं. लेक दारात उभी होती. दुसरी टक काही येईना.

काकांनी या वेळी आरशात पाहिलं. परकार टपावर हात ठेवून, मान खाली घालून उभे होते.

"काका, सोमवारी माझं..." मी म्हणालो.

"सिंगल बेल आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.