पिंपातले उपसर्ग

"टॅमझिन, माझा बुटांचा खोका कुठंय?"

टॅमझिन पावाला लोणी लावत होती. "दिला की आजोबा, चर्चच्या जुन्या बाजारात. आईच म्हणाली, जिन्याखालचे जुने बूट देऊन टाक."

"त्यात बूट नव्हते, पोरी."

त्यात चिठ्ठ्या होत्या. इंग्रजीतल्या जुन्या उपसर्गांवरच्या, एडगर आजोबांनी नऊ वर्षं जमवलेल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणत्या शतकातला, त्याचा उपसर्ग कधी मेला, सगळं. चार वाजता प्रकाशन संस्थेच्या डॉ. लॅम्बर्न त्या बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तरच पुस्तक छापलं जाणार होतं. आणि आत्ता वाजले होते पावणेतीन.

दोघं धापा टाकत चर्चच्या हॉलमध्ये पोचले. सोडतीच्या टेबलाशी मिसेस विन्स्लेड फिरतं पिंप घेऊन बसल्या होत्या. पायाशी रिकामा खोका.

"तिकिटांचं पुस्तक सापडेना," त्या म्हणाल्या. "मग हे छान जाड कागद मिळाले, मागून कोरे. नंबर टाकले, घड्या घातल्या."

"ते माझे उपसर्ग आहेत, मार्जरी."

"असतील. पन्नास पेनीला पिंपातून एक काढायची, पंच्याहत्तर नंबर निघाला तर मुरंब्याची बरणी. आणि रांग तिकडून सुरू होते, एडगर."

हॉलला आग लागली असती तरी आजोबांनी रांग मोडली नसती. ते शेवटी जाऊन उभे राहिले, या पायावरून त्या पायावर. टॅमझिन विकलेल्या चिठ्ठ्या मागत सुटली, पण लोक त्या वाचत बसले होते.

"एडगर," खाटीक ओरडला, "'विथ' म्हणजे पूर्वी 'विरुद्ध' होतं?"

"नऊ वर्षं तेच सांगतोय तुला."

"मग माझं लग्न जुन्या इंग्रजीतच झालंय."

आजोबांच्या पुढे करड्या कोटातली एक बाई होती, हातात वीसेक चिठ्ठ्या, तरी आणखी घ्यायला उभी. आजोबांना राहवेना. "बाई, एवढ्या मला विकता का? चार वाजता कुणी लॅम्बर्न येतेय. फार खडूस आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"खरं तेच म्हणतात. लवकरची बस मिळाली म्हणून इथे डोकावले."

आजोबांचे दोन्ही पाय एकदम थांबले.

"एवढ्या वाचूनच पटलं मला," डॉ. लॅम्बर्न म्हणाल्या. "बाकीच्या जमवा, पुस्तक छापू."

मिसेस विन्स्लेडनी सगळ्यांना चिठ्ठ्या परत करायला लावल्या. रांगेत. टॅमझिननं मोजल्या, एक कमी भरली.

"ती माझ्याकडे आहे," डॉ. लॅम्बर्न मूठ आवळून म्हणाल्या. "नंबर पंच्याहत्तर. आधी मुरंब्याची बरणी हातात पडू दे."