मूळपुरुषाचं पुस्तक

ओल्या बोळ्याबरोबर मूळपुरुषाचं पुस्तकच निघून आलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला. संग्रहालयातली जुनी चित्रं साफ करायला बाई अकरा वर्षं रोजंदारीवर येत होत्या. आठवड्यावर आलेलं नव्या दालनाचं उद्घाटन धड पार पडलं, तर संचालक त्यांच्या कायम नेमणुकीवर सही करणार होते.

चित्रात कुण्या फटकळ चित्रकाराने दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रतिष्ठितांची मेजवानी रंगवली होती. कोणी टेबलावर, कोणी टेबलाखाली. एक न्यायाधीश कुत्र्याला निकाल वाचून दाखवतोय. मधोमध दालनाच्या देणगीदारांचे मूळपुरुष तेवढे शुद्धीवर, पुस्तकात डोकं घालून. ते पुस्तक नंतर कुणीतरी वरून चढवलं होतं, हे आज कळलं. खाली तसराळं होतं आणि मूळपुरुष त्यात भडाभडा ओकत होते.

"झाका ते!" संचालक किंचाळले. "त्यांच्या पैशावर दालन उभंय. सही हवीय ना तुम्हाला?"

"पण साहेब, खरं चित्र हेच आहे."

"खऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

बाईंनी मन मारून पुस्तक पुन्हा रंगवलं. मात्र कामाच्या शिस्तीप्रमाणे, सहज पुसता येईल अशा रंगात.

उद्घाटनाला दारुड्यांची टवाळी पाहायला म्हणून गावातली बडी मंडळी आली आणि फुकटच्या पेल्यांवर तुटून पडली. चित्रांकडे सगळ्यांची पाठ. भिंतीवरच्यांत आणि यांच्यात फरक एवढाच, की यांना चौकट नव्हती.

देणगीदार मात्र बायकोला घेऊन, डुलत डुलत थेट मूळपुरुषापुढे आले.

"तसराळं कुठंय?"

"कसलं तसराळं?" संचालकांचा चेहरा उतरला.

देणगीदारांनी निमंत्रणपत्रिका नाचवली. तिच्यावर सफाईच्या दिवशीच काढलेला, तसराळ्यासकट फोटो छापला होता. संचालकांनी पत्रिका तपासली होती, ती आपलं नाव ठळक आहे ना, एवढ्यापुरती.

"अहो, हे बघून आमची ही पहिल्यांदा गप्प बसली! म्हटलं, बघ, माझा दोष नाही, घराण्याचं रक्तच आहे. आणि इथं पुस्तक? आमच्या घराण्यात कुणी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही!"

"बाई, हा काय चावटपणा?" संचालक गरजले. "पुसा आधी!"

बाई हलल्या नाहीत. इतक्या वर्षांचा राग त्यांच्या घशाशी आला होता.

"लेखी द्या, साहेब. आणि माझ्या नेमणुकीचा कागदही आणा. दोन्हींवर सह्या झाल्या की पुसते."

"काय लावलंय हे, संचालक? करा ना सह्या! माझं तसराळं अडलंय!" देणगीदार ओरडले.

संचालकांनी भरल्या दालनात निमूटपणे दोन सह्या ठोकल्या. पाहुण्यांनी पेले उंचावून टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते एकालाही ठाऊक नव्हतं.