दोन देशांचे तिऱ्हाईत

खुमकर सरांच्या पानात वरण वाढलं की ते लगेच भातात कालवत नाहीत. वाटी उचलून नाकाशी नेतात, बोट बुडवून चाखतात आणि वाढणाऱ्याला विचारतात, "तूर कुठची?"

घरी विचारलं तर एक वेळ ठीक. पण मागे वरूडला एका लग्नात नवरीचे काका स्वतः बादली घेऊन पंगतीत वाढत होते. सरांचा प्रश्न ऐकून ते खूश झाले. "घरची हाय सर, तिवश्याच्या वावरातली," असं पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. सरांनी पुन्हा एकदा चाखलं आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "घरची नाही बावा. हे मोझांबिकची हाय. जहाजातून आलेली." तेव्हापासून त्या घरची पत्रिका आली तर ती एकट्या माझ्या नावाची येते.

हे त्यांना खरंच कळतं की ते ठोकून देतात, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले जमीलभाई तर आता वादही घालत नाहीत. सर दुकानात शिरले की ते डाळीचं पोतं पुढे सरकवतात आणि म्हणतात, "सर, आप ही बताओ, कोणत्या देशाची हाय."

डॉ. दिगंबर खुमकर हे माझे अकोल्यातले शेजारी. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती पुरेशी जाड नाही. सरांनी सारी नोकरी तुरीच्या संशोधनात घालवली. लग्न केलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि मीही निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसाला आराम मिळतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या शेजारी खुमकर सर राहत नसावेत.

माझ्या थकव्याचं कारण सांगायचं तर थोडं आफ्रिकेत जावं लागेल. मलावी आणि मोझांबिक हे दोन देश एकमेकांना लागून आहेत आणि दोन्हीकडे तूर होते. या दोघांनी मिळून संशोधनासाठी एक निधी काढला. निम्मे पैसे याचे, निम्मे त्याचे. अट एकच, की शास्त्रज्ञांची जोडी हवी. एक इकडचा, एक तिकडचा. आता कोणत्या जोडीला पैसे द्यायचे हे ठरवायला दोघांपैकी कुणाचा माणूस घेतला, तर दुसरा रुसणार. म्हणून परीक्षक तिसऱ्या देशातले घेतात. तुरीसाठी त्यांनी आमचे सर शोधून काढले. या कामाचा मोबदला म्हणून वर्षाकाठी ई-मेलनं एक प्रमाणपत्र येतं. पण सरांना विचाराल तर दोन देशांचा संसार त्यांच्याच खांद्यावर आहे.

सरांचं विज्ञान पक्कं, पण इंग्रजी बांधावरचं. त्यामुळे शेरे ते वऱ्हाडीत सांगतात आणि मी ते इंग्रजीत लिहितो. आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण संयुक्त संशोधन म्हणजे सरांच्या दृष्टीनं सोयरीक. प्रस्ताव आला की ते प्रयोगाचं पान आधी उघडत नाहीत. दोन्हीकडची माणसं कोण, आधी कुठे भेटली, मध्यस्थ कोण, हे पाहतात.

"मास्तर, लिव्हा. पोरीकडचे लोक समदं करून राह्यले. पोराकडचे नुसतेच सही ठोकून मोकळे. मांडवाचा खर्च कोनाकडे हाय, ते काहून नाही लिव्हलं?"

मी लिहितो, 'क्षेत्रीय प्रयोगाच्या खर्चाची विभागणी स्पष्ट करावी.'

"अन् हेबी लिव्हा, का दोघं एका ताटात जेवल्याबिगर पैसे मांगाले येऊ नका म्हना."

मी कपाळाला हात लावून लिहिलं, 'अर्ज करण्यापूर्वी दोन्ही गटांनी एकत्र बसून, भोजनासह, प्राथमिक चर्चा करणे इष्ट.' पुढच्या वर्षी निधीच्या नियमांत हे कलम आलं. भोजनासह! आफ्रिकेतले दोन गट आता अर्ज करायच्या आधी एकत्र जेवतात आणि ही सुपारी मूळ कुठे फुटली ते त्यांना ठाऊक नाही. सरांना मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. "बैठकीशिवाय कुठं लगन जमते का?" एवढंच म्हणाले. स्वतः बोहल्यावर न चढलेल्या माणसाचा हा आत्मविश्वास पाहून मी पुष्कळदा थक्क होतो. आता थकतोच जास्त.

जमीलभाईंनी मात्र एकदा त्यांना दुकानातच धरलं. जमीलभाईंची स्वतःची थोडी शेती आहे, बोरगावकडे. म्हणाले, "सर, बुरा मत मानना. बाहेरची तूर येते अन् आमचा भाव पडते. अन् तुमी इथं बसून त्यायचीच तूर सुधरवून राह्यले?"

मला वाटलं, आता सर चिडणार. ते पोत्यावर टेकले.

"जमीलभाई, मर रोग मातीत राह्यते. त्याले देश समजत नाही. आपल्या वावरात उभं झाड वाळते, तसंच तिथं वाळते. तिथं एखांदं झाड टिकलं, तं उद्या त्याचं बियानं आपल्यालेच लागन. अन् नाही लागलं तरी तिथली बाई तं जेवन?"

"पर भाव तो गिरेगा ना, सर?"

"भाव तं पडतेच. म्या त्यायचे अर्ज वाचले काय अन् नाही वाचले काय."

 मग जमीलभाईंनी डाळ बांधून दिली.

सरांकडे येणाऱ्या प्रस्तावांच्या ढिगात तियामिके नावाची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे चांगली शास्त्रज्ञ, मलावीतली. सरांच्या तोंडी मात्र ती पहिल्यापासून 'पोट्टी'. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांतून बायकांनी घरात राखलेलं तुरीचं बियाणं गोळा करायचं, मर रोग असलेल्या जमिनीत लावायचं आणि त्यातलं काय तगतं ते पाहायचं, असा तिचा बेत. पहिल्यांदा तिचा अर्ज आला तेव्हा सरांनीच तो पाडला. "पोट्टी हुशार हाय, पन पोराकडची बाजू कच्ची. हे एकटीच राबन." आणि त्यांनी पानभर शेरे सांगितले. माती कशी तपासायची, ओळी कशा पाडायच्या, रोगट झाड उपटून फेकायचं नाही, का नाही फेकायचं, सगळं. लिहिता लिहिता माझं मनगट दुखायला लागलं.

पुढच्या वेळी तिचा अर्ज पुन्हा आला. परीक्षकांच्या सूचनेनुसार अमुक बदल केले, तमुक बदल केले, असं तिनं सुरुवातीलाच लिहिलं होतं. आता हे सगळेच अर्जदार लिहितात. पण सरांनी ती वाक्यं मला दोनदा वाचायला लावली. नंतर म्हणाले, "मास्तर, पोट्टी ऐकते. म्या उभी जिंदगी बोंबललो, ऑफिसात कोनी ऐकलं माह्यं?"

तो अर्जही अडला. मोझांबिकच्या कचेरीनं वेळेत सही केली नाही. मलावीवाले म्हणत होते आधी तुम्ही, मोझांबिकवाले म्हणत होते आधी तुम्ही. सर तीन-चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचा आवाज यायचा.

या वर्षी ती तिसऱ्यांदा आली. या खेपेला तिचा जोडीदार होता कार्लोस नावाचा, आणि तो कामाचा माणूस दिसत होता. यंदा अर्ज बरेच, पैसे मात्र एकाच जोडीपुरते, आणि हा निधी पुढे चालेल की नाही याची खात्री नाही, असं कळवलेलं होतं. थोडक्यात, आता नाही तर बहुधा कधीच नाही. सरांनी तिला सगळ्यांत वरचे गुण दिले. या वेळी शेरेही फारसे सांगितले नाहीत. मला बरं वाटलं, मनगट वाचलं म्हणून. त्यात काही वेगळं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अंतिम बैठक व्हिडिओवर असते. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत रस्ता खोदला आणि इंटरनेटची केबल तुटली. मग सरांनी मला एसटीत घातलं आणि अमरावतीला माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे नेलं. हो, माझ्या बहिणीकडे मला त्यांनी नेलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी सर बोलेनात. असा प्रवास मी त्यांच्याबरोबर कधी केला नव्हता आणि खरं सांगायचं तर मी झोपून घेतलं.

सुमननं समोरच्या खोलीत टेबल मोकळं करून दिलं, कूलर बंद केला आणि दार लोटलं. मी सरांच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो. माझं काम आवाजाचं बटण दाबायचं. पडद्यावर सातआठ चेहरे आले. अध्यक्षबाई मलावीच्या, गुण न देता नुसती बैठक चालवणाऱ्या, चष्म्यातून पाहणाऱ्या, वयानं मोठ्या. सुरुवातीला त्या प्रत्येक परीक्षकाला एकच प्रश्न विचारतात: या अर्जदारांपैकी कुणाशी तुमचं काही नातं आहे का? नातं असेल त्यानं बाहेर पडायचं. त्याचे गुणही रद्द. दरवर्षी सर शाळेतल्या हजेरीसारखं खणखणीत "नो मॅडम" म्हणतात.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. मी बटण दाबलं. सर काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवाज जात नाहीये. मी पुन्हा दाबून पाहिलं.

"येस मॅडम," सर म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी कुणाशी म्हणून विचारलं. सरांनी तियामिकेचं नाव घेतलं. काय नातं? आता सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "सर, काहीच नातं नाही तुमचं. तुम्ही तिला पाहिलेलंसुद्धा नाही." त्यांनी मान हलवली आणि आपल्या तुटक इंग्रजीत, माझी मदत न घेता, बोलले. त्याचा अर्थ एवढा: बाई, ती मला ओळखत नाही. पण ती नापास झाली तर मला जेवण जाणार नाही.

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, डॉक्टर, हे नातंच झालं. तुम्हाला बाहेर पडावं लागेल. नंतर हळू आवाजात त्यांनी आभार मानले. मी बाहेर पडायचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? "सर, काय केलं हे? तुम्ही दिलेले तिचे गुण गेले ना. एवढ्या वर्षांनी पोरीचं जमत आलं होतं, अन् तुम्हीच मोडलं?"

सर टेबलाकडे पाहत म्हणाले, "परवा पुन्हा वाचला तिचा कागद. पयल्या हंगामाचं बियानं दुसऱ्या हंगामापावतर कुठं ठेवाचं, कसं ठेवाचं, काहीच नाही त्यात. किडे लागले तं समदं खलास. दुसऱ्या कोनाचा असता तं म्या फाडून खाल्ला असता, मास्तर. हिचा व्हता म्हनून मले दिसलंच नाही. बाप आंधळाच असते."

"मग तेवढं बैठकीत सांगून गुण कमी करायचे होते."

"कमी करवत नाही नं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेच तं सांगून राह्यलो."

 इतकी वर्षं मी या माणसाचे शेरे लिहिले, त्यांची वऱ्हाडी इस्त्री करून परदेशी धाडली, आणि त्यातून काय जात होतं ते मला कळलं नव्हतं. ती मुलगी अमरावती-अकोल्याचं नावही ऐकून नसेल. तिचे गुण कुणी दिले, कुणी कापले, हे नियमानं तिला कधी कळणार नाही आणि नियमानं सर तिला कधी पत्र लिहू शकणार नाहीत. मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी कमी आणि सरांसाठी जास्त.

सुमन चहा घेऊन आली. "झाली का हो एवढ्यात मीटिंग?"

"माह्यी झाली," सर म्हणाले.

मी पिशवी उचलली. साडेतीनची गाडी मिळाली असती. सर उठले नाहीत. काळ्या पडद्यासमोर ते ताठ बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं.

"थांबू थोडं, मास्तर. आता नावं घेऊन राह्यले असतीन. तिचं चौथं हाय."

मी पिशवी खाली ठेवली. कूलर बंदच होता, उकडत होतं, चहावर साय धरली होती. सुमननं मला खुणेनं काय झालं म्हणून विचारलं आणि मी तिला खुणेनंच बस म्हटलं. आम्ही तिघंही बसलो. सरांचे ओठ मधूनमधून हलत होते. पहिला अर्ज, दुसरा अर्ज, ते मनातल्या मनात तिथली चर्चा चालवत होते बहुधा. एकदा मान नकारार्थी हलली. मग बराच वेळ ते श्वास रोखल्यासारखे निश्चल होते आणि मीही नकळत तसाच बसलो होतो.

शेवटी त्यांनी खांदे सैल सोडले.

"झालं असंन आता तिचं," म्हणाले, आणि गार झालेला चहा ओढून घेतला.