हमीदाखालांची एकुलती लाईन

आमच्या महाडच्या आळीत हमीदाखालांनी खिडकीतून डोकं काढून "गप ऱ्हा रे सगळी!" असा दम भरला की समजायचं, इंटरनेट लागतंय. फोनला जोडलेला त्यांचा मोडेम किंचाळायला लागला की बाहेरचा आवाज तारेत शिरतो आणि लाईन तुटते, अशी त्यांची ठाम समजूत. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायचा नाही, बकरीनं बें बें करायचं नाही आणि मी गिरणी चालवायची नाही!

माझी पिठाची गिरणी त्यांच्या भिंतीला भिंत लावून. गिऱ्हाईक डबा घेऊन उभं, आणि ह्या बाईचं फर्मान. एकदा वैतागून म्हटलं, "अहो खाला, तारेला कुठे कान असतात?"

"कान नाय, तर कतारला माझं बोलणं आयकतं कोण?"

कप्पाळ! गिरणी बंद केली आणि बसलो.

कॉम्प्युटर पाठवला होता त्यांच्या मुलानं, इक्बालनं, कतारहून. आईनं ईमेल वाचावी म्हणून. खालांना त्याचं काय कौतुक! "मशीनला पोराचा आवाज हाय काय?" म्हणाल्या, आणि मशीन गावोगावच्या पोरींना फॉर्म भरायला, निकाल बघायला देऊन टाकलं. बाजारातल्या सायबर कॅफेत पडदे लावलेली खोपटी आणि आत पोरांची टोळकी. तिथे लेकीला पाठवणार कोण? ज्यांच्या घरात कॉम्प्युटर, त्यांचं ठीक. डोंगरातल्या वरंधच्या, कुडपणच्या पोरी मात्र एसटीनं येऊन खालांच्या दारात चपलांचा ढीग घालायच्या.

फक्त शुक्रवारी नाही. शुक्रवारी दुपारी इक्बालचा फोन यायचा, आठवड्यातून तेवढाच. घरात लाईन एकच, इंटरनेट चालू असलं की फोन लागायचा नाही, तेव्हा त्या दिवशी मशीनवर फडकं. खाला इस्त्रीचे कपडे घालून फोनशेजारी बसून असायच्या.

आणि नेमक्या एका शुक्रवारी कुडपणची सुवर्णा धापा टाकत आली. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि होकार संध्याकाळच्या आत इंटरनेटवरून कळवायचा होता. नाहीतर जागा दुसरीला. डोंगरावर ही बातमी पोचेपर्यंतच निम्मा दिवस गेलेला.

खालांनी एकदा फोनकडे पाहिलं. मग फडकं ओढून काढलं. "बस गो."

"पण खाला, आज शुक्रवार..."

"शुक्रवार परत येल. तुझी जागा येल काय? ओ गिरणीवाले, बंद करा!"

केली बंद. लाईन लागली, तुटली, परत लागली. उन्हं कलली. सारी आळी खिडकीबाहेर तोंडावर बोट ठेवून उभी. शेवटी सुवर्णा मशीनच्या पडद्याकडे बघत उठली. "झालं, खाला! ॲडमिशन झालं!"

खालांनी अशी आरोळी ठोकली की बकरीनं दावं तोडलं! लाईनही त्याच क्षणी तुटली. इतकी वर्षं वाट बघितलेली संधी. मी सोडतो की काय? ओरडलोच, "खाला, गप ऱ्हा!" आळी हसून लोटपोट.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून इक्बाल इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हाला बाहेर ऐकू आलं.

"अम्मी, कवापासून लावतोय! एंगेजच! बरी हायस ना?"

"आपली सुवर्णा नर्स होणार हाय रे!" खाला म्हणाल्या, आणि एकदम रडायलाच लागल्या. "तू बोल. कायपण बोल. नुसता बोलत ऱ्हा."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. गिऱ्हाईकं दळणासाठी ताटकळली होती, पण मी गिरणीला हात लावला नाही. त्या दिवशी तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.